फॉर्स्टरने कादंबरी का थांबवली : एक प्रकरण अभ्यास

जून १९२४ मध्ये ‘अ पॅसेज टू इंडिया’ प्रसिद्ध झाली तेव्हा इंग्रज कादंबरीकार एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर पंचेचाळीस वर्षांचा होता. कादंबरी इंग्लंडमध्ये गाजली, अमेरिकेतही गाजली. जेम्स टेट ब्लॅक पारितोषिक मिळालं. हिंदुस्थानात राहून आलेले इंग्रज अधिकारी चिडले, हिंदुस्थानी वाचकांना कुणीतरी आपल्याकडे माणूस म्हणून पाहिल्यासारखं वाटलं. त्याचं पुढचं हस्तलिखित कुठल्याही प्रकाशकाने न वाचताच छापायला घेतलं असतं.

ते हस्तलिखित आलंच नाही. फॉर्स्टर त्यानंतर आणखी ४६ वर्षं जगला. ७ जून १९७० रोजी, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी तो वारला. एवढ्या काळात त्याने एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही.

लेखक आटला, असं अशा वेळी सहज म्हटलं जातं. इंग्लंडमध्येही ते म्हटलं गेलं. न लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकागणिक फॉर्स्टरची कीर्ती वाढते आहे, अशी एक कोटीही त्याच्यावर होत असे. पण त्याच्या रोजनिशा, पत्रं आणि मुलाखती शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की वेगळंच चित्र दिसतं. थांबायचं हे त्याने ठरवलं होतं. शेवटची कादंबरी पुरी होण्याआधीच ठरवलं होतं, आणि कशाच्या आधारावर ठरवलं तेही सापडतं. या प्रकरणाकडे मला पुन्हापुन्हा जावंसं वाटतं ते त्या आधारासाठी. लिहिण्याजोगं काही उरलेलं नाही हे लेखकाला कळतं कसं? आळस, भीती, थकवा यांच्यापासून ते वेगळं कसं ओळखायचं? फॉर्स्टरकडे याचं बरंच नेमकं उत्तर होतं.

आधीची घसरण

१९०५ ते १९१० या पाच वर्षांत त्याच्या चार कादंबऱ्या आल्या: ‘व्हेअर एंजल्स फिअर टू ट्रेड’, ‘द लाँगेस्ट जर्नी’, ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि ‘हॉवर्ड्स एंड’. चौथीने त्याला नामवंत केलं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. आजचा कुठलाही सल्लागार म्हणेल की आता थांबायचं नाही, लोखंड तापलेलं आहे.

आणि नेमकं तेव्हाच काम अडलं. जून १९११ मध्ये त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं की आपल्याला जमतो आणि ज्याची मुभाही आहे असा एकच विषय आहे, स्त्री-पुरुषांचं परस्परांवरचं प्रेम, आणि त्याचा आता कंटाळा आला आहे.

हे वाक्य या प्रकरणाचा कणा आहे. फॉर्स्टर समलिंगी होता. १८८५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये पुरुषांमधले असे संबंध गुन्हा ठरले होते आणि त्याच कायद्याखाली १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड तुरुंगात गेला होता. फॉर्स्टर तेव्हा सोळा वर्षांचा होता. म्हणजे जे मनात होतं ते छापता येत नव्हतं, आणि जे छापता येत होतं त्यात मन उरलं नव्हतं. लग्न जमणं, मोडणं, वारसाहक्क, घराण्यांतले मानापमान यांवर आणखी एक चांगली कादंबरी तो लिहू शकला असता. हात बसलेला होता. कंटाळा आला आहे हे त्याने स्वतःशी कबूल केलं, आणि तेही यशाच्या ऐन भरात.

तरी त्याने लगेच पेन खाली ठेवलं नाही. १९११ मध्ये ‘आर्क्टिक समर’ नावाची कादंबरी सुरू केली. तिच्यात दोन पुरुष समोरासमोर होते: एक सुसंस्कृत, विचारी, घडी बसवू पाहणारा, दुसरा शूर, जुन्या वळणाचा, आजच्या जगात जागा नसलेला. विरोध छान जमला होता. पण पुढे काय घडतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि कादंबरी तशीच राहिली.

पुढे १९५२ मध्ये ‘पॅरिस रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या प्रतिनिधींनी त्याला या अर्धवट कादंबरीबद्दल विचारलं. त्याने दिलेलं उत्तर मला कादंबरीकलेवरच्या जाड ग्रंथांपेक्षा मोलाचं वाटतं. ‘पॅसेज’ सुरू केली तेव्हाही आपल्याला सगळं माहीत नव्हतं, असं तो सांगतो. लेण्यांमध्ये काहीतरी महत्त्वाचं घडतं आणि कादंबरीच्या मध्यभागी तेच असणार, एवढंच ठाऊक होतं. काय घडतं ते ठाऊक नव्हतं. तरीही ती कादंबरी पुरी झाली, कारण समोर काहीतरी घन, डोंगरासारखं उभं होतं. कथेला त्याच्यावरून, त्याच्याभोवतून किंवा त्याच्या पोटातून जावं लागणारच होतं. ‘आर्क्टिक समर’मध्ये तसं काही नव्हतं.

म्हणजे ठाऊक नसण्याच्या दोन जाती झाल्या. एकीत वस्तू आहे, तिचं रूप अजून उमगलेलं नाही. अशा वेळी थांबायचं, वाट पाहायची, परत यायचं. दुसरीत वस्तूच नाही. कौशल्य आहे, पात्रं आहेत, संवाद आहेत, आणि मध्ये पोकळी आहे. बाहेरून दोन्ही हस्तलिखितं सारखीच अर्धवट दिसतात. आतून फरक ओळखायचा तो लेखकानेच, आणि फॉर्स्टरने तो अचूक ओळखला: एक हस्तलिखित सोडून दिलं, दुसरं अकरा वर्षं धरून ठेवलं.

देवासची थोरली पाती

त्या दुसऱ्या हस्तलिखिताची गोष्ट मराठी वाचकाच्या फार जवळची आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये पहिल्यांदा हिंदुस्थानात आला तो मुख्यतः सय्यद रॉस मसूद या मित्रासाठी. मसूद हे सर सय्यद अहमद खान यांचे नातू. १९०६ मध्ये ते इंग्लंडमध्ये असताना फॉर्स्टर त्यांना लॅटिन शिकवत असे, आणि त्यांच्यावर त्याचं प्रेम जडलं होतं. या फेरीत त्याने बिहारमधली बराबर लेणी पाहिली. गुळगुळीत पॉलिश केलेल्या भिंतींची आणि प्रतिध्वनीची ती लेणी कादंबरीत ‘मराबार’ झाली. परत गेल्यावर त्याने पहिली प्रकरणं लिहिली, लेण्यांच्या आसपास आला आणि थांबला.

याच फेरीत तो देवासला गेला होता. माळव्यातलं हे मराठा संस्थान मोठं विलक्षण. एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीचे तुकोजीराव महाराज हे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जावई. त्यांचेच चिरंजीव विक्रमसिंहराव पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. १९२१ मध्ये फॉर्स्टर या तुकोजीरावांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने देवासला राहिला. बागा, मोटारी, पाहुण्यांचा बंगला, वीजघर अशी खाती त्याच्याकडे होती. कारभारात गोंधळ पुष्कळ होता. महाराजांवर मात्र त्याचा जीव जडला. १९५३ मध्ये त्याने ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक काढलं ते याच दिवसांच्या पत्रांवरून. पुढे कर्ज आणि घरगुती बेबनावाने खचलेले महाराज पाँडिचेरीला निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. राज्यकर्ता म्हणून ते फसले हे फॉर्स्टर लपवत नाही, पण त्यांच्यातलं संतपण आपण डोळ्यांनी पाहिलं आहे यावर तो शेवटपर्यंत ठाम राहिला.

ते संतपण दिसलं गोकुळाष्टमीला. जुन्या राजवाड्यात कित्येक दिवस चाललेला उत्सव, उकाडा, एकाच वेळी वाजणारी वाद्यं, मूर्तीपुढची गर्दी, कलाबुतीचा आणि फुलांचा पसारा, आणि भान हरपून देवापुढे नाचणारे महाराज. फॉर्स्टरच्या इंग्रजी सौंदर्यदृष्टीला त्यातलं बरंच विद्रूप वाटलं. ते त्याने मोकळेपणाने लिहिलं, आणि आपण हललो हेही लिहिलं. ‘पॅसेज’चा तिसरा भाग या उत्सवातून आला. त्यात प्राध्यापक नारायण गोडबोले नावाचे दख्खनी ब्राह्मण देवापुढे उभे राहून तुकारामाचं नाव घेत गातात; तूच बाप, तूच आई, तूच सारं, असा त्या गाण्याचा आशय. विसाव्या शतकातल्या एका श्रेष्ठ इंग्रजी कादंबरीच्या शेवटच्या भागाच्या दारातच आपला तुकोबा उभा आहे, आणि ही गोष्ट मराठीत फारशी बोलली जात नाही.

पण प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते वेगळंच. देवासला येताना फॉर्स्टरने १९१३ ची जुनी प्रकरणं बरोबर आणली होती. इथे बसून पुढचं लिहू, असा बेत होता. ‘द हिल ऑफ देवी’मध्ये तो सांगतो की प्रत्यक्ष देश समोर येताच ती पानं कोमेजली, मेली. आठवणीतला हिंदुस्थान आणि डोळ्यांपुढचा हिंदुस्थान यांत अंतर फार पडलं. त्याने काय केलं? काहीच केलं नाही. जबरदस्तीने एकही प्रकरण ओढून काढलं नाही. घरची पत्रं भरभरून लिहिली, संस्थानाची बिलं पाहिली, कादंबरी पेटीतच राहू दिली.

इंग्लंडला परतल्यावर अंतर पुन्हा कमी झालं आणि १९२२ मध्ये काम सुरू झालं. तरीही आपण लिहितोय ते वाईटच आहे असं त्याला वाटत होतं. लेखक-प्रकाशक मित्र लेनर्ड वुल्फने धीर दिला नसता तर बहुधा पुरी केली नसती, असं तो स्वतः म्हणतो. जानेवारी १९२४ मध्ये ती संपली.

याच १९२२ सालची आणखी एक घटना आहे. गेली काही वर्षं स्वतःच्या सुखासाठी लिहिलेल्या शृंगारिक कथा त्याने शेकोटीत घातल्या. पापाची टोचणी हे त्याचं कारण नव्हतं. या कथा आपल्या कामाच्या वाटेत अडकून बसल्या आहेत, त्यांच्यामुळे कादंबरी तुंबली आहे, अशी त्याची भावना होती. कुठलं लेखन कशाच्या आड येतं याचा हिशेब हा माणूस सतत करत होता.

निर्णय

‘पॅसेज’ अजून पुरी व्हायची होती तेव्हाच, १९२३ मध्ये, त्याने कवी सिगफ्रीड ससूनला कळवलं की यानंतर आपण कादंबरी लिहिणार नाही. सामान्य माणसांबद्दलचा आपला धीर संपला आहे. पण लिहिणं चालूच राहील, आणि आपली ताकद कमी झाली आहे असं काही आपल्याला वाटत नाही.

या पत्रात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही एकत्र वाचायला हव्यात. कादंबरी थांबणार. लेखन थांबणार नाही. ताकद शाबूत आहे. चार-पाच ओळींच्या मजकुरात त्याने आपल्या पुढच्या सत्तेचाळीस वर्षांचा आराखडा मांडला आणि तो जवळजवळ जसाच्या तसा पाळला. लोकांच्या लक्षात राहिली ती फक्त पहिली गोष्ट.

‘सामान्य माणसांबद्दलचा धीर संपला’ हे वाचायला कडू आहे. मी त्याचा अर्थ असा लावतो: त्या काळच्या इंग्रजी कादंबरीला लागणारा माल म्हणजे लग्नाच्या बाजारातली, दिवाणखान्यातली माणसं. त्यांच्या बारीकसारीक हालचालींत तीनशे पानं रस घेत राहणं हे कादंबरीकाराचं रोजचं काम. तो रस गेला, आणि गेलेला रस आहे असं दाखवणं त्याला नको होतं. वाचकाला ते कळलंही नसतं. सराईत हाताचं नाटक वर्षानुवर्षं खपतं.

ते खपलं असतं हे सांगायला त्याच काळातलं उदाहरण आहे. सॉमरसेट मॉमही त्याच कायद्याच्या सावलीत जगणारा, त्याच प्रकारचं गुपित बाळगणारा लेखक. तो १९४८ पर्यंत कादंबऱ्या प्रसिद्ध करत राहिला, अफाट वाचला गेला. मी मॉमला कमी लेखत नाही. त्याच्याकडे सांगायला गोष्टी होत्या आणि त्या सांगण्याची त्याची हौस खरी होती. एकाच बंद दारापुढे दोघांनी वेगळं केलं, एवढंच दिसतं. तेव्हा फॉर्स्टरला गप्प केलं ते कायद्याने, असं म्हणून हे प्रकरण मिटत नाही. कायद्याने एक दार बंद केलं. उघड्या दारातून जायला त्याने स्वतः नकार दिला.

मग केलं काय

१९२७ मध्ये त्याने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात कादंबरीवर व्याख्यानं दिली. त्यांचं ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ झालं आणि मराठीच्या एम.ए.च्या वर्गांतसुद्धा सपाट पात्रं आणि गोलाईदार पात्रं ही भाषा रुळली. कादंबरी सोडल्यावर तीन वर्षांनी कादंबरीबद्दल बोलणारा हा माणूस कुठेही कडवट नाही. १९२८ मध्ये रॅडक्लिफ हॉलच्या समलिंगी प्रेमावरच्या कादंबरीवर खटला झाला तेव्हा तो व्हर्जिनिया वुल्फसह जाहीरपणे उभा राहिला. १९३४ मध्ये इंग्लंडच्या नागरी स्वातंत्र्य परिषदेचा पहिला अध्यक्ष झाला. १९३५ मध्ये मुल्कराज आनंद यांच्या ‘अनटचेबल’ला त्याने प्रस्तावना लिहिली; किती तरी प्रकाशकांनी नाकारलेल्या त्या पुस्तकाला प्रकाशक मिळाला तो या प्रस्तावनेमुळे. एका भंगी मुलाच्या एका दिवसाची ती कहाणी, आणि ती जगापुढे जायला हवी हे त्याला लगेच कळलं. दुसऱ्याचं मोलाचं काय हे ओळखण्यातही तीच नजर होती.

१९३८ मध्ये युरोप युद्धाच्या तोंडावर असताना त्याने आपली श्रद्धा कशावर आहे हे सांगणारा निबंध लिहिला. देश की मित्र अशी निवड करायची वेळ आली तर देशाचा विश्वासघात करण्याचं धैर्य आपल्यात असावं, असं त्यात म्हटलं. असं वाक्य त्या वर्षी छापायला काय लागत असेल! युद्धकाळात बीबीसीवरून हिंदुस्थानातल्या श्रोत्यांसाठी तो नियमित पुस्तकांवर बोलत असे. त्या विभागात काही काळ जॉर्ज ऑर्वेल काम करत होता. १९४५ मध्ये जयपूरच्या लेखक परिषदेसाठी तो तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला. १९५१ मध्ये बेंजामिन ब्रिटनच्या ‘बिली बड’ या ऑपेराची संहिता त्याने एरिक क्रोझियरबरोबर लिहिली. १९६० मध्ये, ऐंशी उलटल्यावर, डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्ली’ या कादंबरीवरच्या अश्लीलतेच्या खटल्यात साक्षीला उभा राहिला.

ही यादी मी मुद्दाम लांबवली. गप्प बसलेल्या माणसाची यादी अशी नसते. ज्या प्रकारात त्याच्याकडे म्हणण्याजोगं होतं त्या प्रकारात तो बोलत राहिला, गरज पडेल तिथे धोका पत्करून बोलला. कादंबरीकार म्हणून मिळालेली पत त्याने दुसरीकडे खर्च केली. आणि रोजचं लिहिणंही सुटलं नाही. १९२५ पासून तो एक टिपणवही ठेवत होता. वाचलेलं, सुचलेलं, खटकलेलं त्यात चार दशकांहून जास्त काळ लिहीत गेला. ती वही वाचणारं कुणी नव्हतं, आणि तिच्यातलं गद्य त्याच्या छापील गद्याइतकंच जागं आहे.

परवडलं कसं

हे सगळं परवडणारं होतं, हेही सांगितलं पाहिजे. १८८७ मध्ये त्याच्या वडिलांची मावशी मरियन थॉर्नटन वारली आणि आठ वर्षांच्या मॉर्गनसाठी आठ हजार पौंड ठेवून गेली. पुढे १९५६ मध्ये तिचं चरित्र लिहिताना त्याने या पैशाचं ऋण स्वच्छ मान्य केलं: केंब्रिजचं शिक्षण, प्रवास आणि लिहिण्याची मोकळीक त्यातून आली. उतारवयात केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने त्याला सन्माननीय फेलो करून राहायला खोल्या दिल्या. त्याला लग्नाचा संसार नव्हता, महिन्याच्या लेखनावर चालणारी चूल नव्हती.

आपल्याकडे दिवाळी अंकांच्या दिवसांत संपादकांचे फोन सुरू होतात, आणि ज्याच्या घरचा खर्च लेखनाच्या मानधनावर, सदरांवर, पटकथांवर चालतो त्याला ‘या वर्षी माझ्याकडे काही नाही’ म्हणणं सोपं नसतं. अशा लेखकाला फॉर्स्टरचं उदाहरण तोंडावर फेकणं अन्याय आहे. पण आपल्यातले कितीतरी जण लेखनावर पोट भरत नाहीत. नोकरी आहे, निवृत्तिवेतन आहे, आणि तरीही नाव अनुक्रमणिकेतून गळेल या धास्तीने दर वर्षी कथा पाठवली जाते. त्यांना फॉर्स्टरची सोय आधीच मिळालेली आहे. ती वापरायला काय हरकत आहे, असं मला कळकळीने विचारावंसं वाटतं.

कागदांच्या पेटीत

आता या प्रकरणाची अवघड बाजू.

१९१३ मध्ये फॉर्स्टर समाजवादी लेखक एडवर्ड कारपेंटरला भेटायला मिलथॉर्पला गेला. कारपेंटर आणि त्याचा जोडीदार जॉर्ज मेरिल तिथे उघडपणे एकत्र राहत. त्या भेटीतून ‘मॉरिस’ ही कादंबरी सुचली आणि वर्षभरात लिहून झाली. दोन पुरुषांचं प्रेम, आणि शेवट सुखाचा. सुखाचा शेवट असलाच पाहिजे, नाही तर लिहायचीच कशाला, असं त्याचं मत होतं. शेवटी गळफास किंवा ताटातूट असती तर कदाचित छापताही आली असती. सुखाने नांदणारे दोघे मात्र त्या कायद्याखाली गुन्हेगारच होते.

हे हस्तलिखित त्याने मित्रांना वाचायला दिलं, पुनःपुन्हा दुरुस्त केलं, १९६० मध्ये शेवटी एक टिपण जोडलं. पण छापलं नाही. आई १९४५ पर्यंत हयात होती. कायदा इंग्लंडमध्ये १९६७ साली बदलला तेव्हा तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता, आणि त्याच्या आयुष्यातली जवळची माणसं जिवंत होती, संसारात होती. त्याच्या मृत्यूनंतर टंकलिखितावर त्याची एक टीप सापडली. छापण्याजोगं आहे, पण त्या मोलाचं आहे का, अशा अर्थाची.

इथे माझं त्याच्याशी जमत नाही. ‘आर्क्टिक समर’ बाजूला ठेवताना जी कसोटी त्याने लावली ती बरोबर होती. ‘मॉरिस’ला तीच लावणं चूक होतं. ‘मॉरिस’ त्याच्या उत्तम कादंबऱ्यांत बसत नाही. काही पात्रं पुसट आहेत, शेवट इच्छेने ओढून आणल्यासारखा आहे. पण ‘मोलाचं’ म्हणजे फक्त कलेच्या तराजूवरचं वजन का? १९३० च्या दशकात, एकाकी आणि घाबरलेल्या कितीतरी तरुणांच्या हातात सुखाचा शेवट असलेलं एक पुस्तक पडलं असतं, तर त्याचं मोल त्यांनी ठरवलं असतं. तरुण लेखक क्रिस्टोफर इशरवुडने हस्तलिखित वाचलं तेव्हा तो हेलावून गेला होता. त्याच्यासारखे अनेक होते आणि त्यांच्यापर्यंत ते पोचलं १९७१ मध्ये, लिहून झाल्यावर सत्तावन्न वर्षांनी. शिक्षेची भीती खरी होती, माणसांची अब्रू पणाला होती. त्यासाठी मी त्याला दोष देत नाही. पण ते कारण वेगळं आणि ‘मोलाचं आहे का’ हे कारण वेगळं. दोन्ही एकाच टिपेत मिसळली की लेखकाला स्वतःलाच कळेनासं होतं, आपण थांबलोय ते कशासाठी.

फॉर्स्टरला हा गुंता माहीत होता असं मला वाटतं, कारण त्याने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी कारणं दिली. ऐंशीच्या सुमारास बीबीसीशी बोलताना म्हणाला, आपल्याला जुन्या जगाबद्दल लिहायची सवय होती: घरं, कुटुंबं, तुलनेने शांत आयुष्य. ते जग गेलं. नव्या जगाबद्दल विचार करता येतो, पण ते कादंबरीत उतरवता येत नाही. हे त्याने जगासमोर सांगितलेलं कारण. १९६४ च्या अखेरीस रोजनिशीत मात्र लिहिलं की आपण जास्त लिहिलं असतं, किंबहुना जास्त छापलं असतं, तर आपलं नाव आणखी मोठं झालं असतं, आणि छापणं अडलं ते लैंगिकतेमुळे. ‘लिहिलं’ म्हणून लगेच ‘किंबहुना छापलं’ अशी त्याने केलेली दुरुस्ती मला फार बोलकी वाटते. वयाच्या श्याऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तो स्वतःचा हिशेब नेमका करत होता.

आणि ही दुरुस्ती खरी होती. १९१३ च्या सुमारास त्याने हिंदुस्थानाहून परतणाऱ्या प्रवाशांची एक कादंबरी सुरू करून सोडली होती. बोटीवर खेळणारी मुलं, त्यात एक गोरा लायनेल आणि एक सावळा, मिश्र रक्ताचा, ज्याला सगळे कोकोनट म्हणतात. पुढे काय ते ठाऊक नव्हतं. १९४८ मध्ये ‘द लिसनर’ साप्ताहिकात त्याने फक्त सुरुवातीचा तुकडा छापला, आणि ही न लिहिलेल्या कादंबरीची सुरुवात आहे हे शीर्षकातच सांगून टाकलं. आणखी दहा वर्षांनी, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्याला पुढचं दिसलं: तीच दोन मुलं मोठी होऊन दुसऱ्या बोटीवर, मुंबईकडे निघालेल्या, एकाच केबिनमध्ये. त्याने ‘द अदर बोट’ ही दीर्घकथा पुरी केली आणि पेटीत ठेवून दिली. ती १९७२ मध्ये आली. साम्राज्य, वर्ण आणि देहाची ओढ यांवर त्याने लिहिलेलं इतकं निर्भय दुसरं काही नाही, आणि माझ्या मते ‘पॅसेज’च्या शेजारी ठेवावं असं त्याचं कथात्म लेखन हे एवढंच.